दारी आलेला विद्यार्थी
परदेशी विद्यापीठांतील ख्रिस्ती सेवा आणि १८८३ साली समुद्रापार गेलेल्या तीन मराठी स्त्रिया

आपल्या धर्मग्रामातील एखादा तरुण उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला म्हणजे आपण रविवारच्या मिस्साबलीत त्याचे नाव घेतो, त्याच्या हाती जपमाळ देतो आणि आशीर्वाद देऊन त्याला निरोप देतो. त्यानंतर आपला व त्याचा संबंध बहुधा नाताळच्या शुभेच्छांपुरता उरतो. बुऱ्हाणपूरसारख्या तापीकाठच्या जुन्या शहरात मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषा शेजारीशेजारी नांदतात. येथूनही आता मुले प्रथम इंदूर वा पुण्यास आणि तेथून पुढे जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे जाऊ लागली आहेत. आज १० लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत आहेत. त्यांत ख्रिस्ती थोडे, इतर धर्मीय पुष्कळ. उलटपक्षी पुण्यासारख्या विद्यापीठनगरीत आफ्रिकेतील व पश्चिम आशियातील विद्यार्थी येऊन राहतात. परदेशी शिकणाऱ्यांमध्ये ख्रिस्तसभेने करावयाची सेवा हा विषय त्यामुळे आपल्यासाठी दूरचा राहिलेला नाही.

या सेवेच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे. परक्या देशात आलेला विद्यार्थी निराधार असतो. भाषा, अन्न, निवारा, आजारपण आणि एकटेपण या सर्व बाबतींत त्याला कोणाच्या तरी आधाराची गरज असते. तो आधार देणारा मनुष्यच जर शुभवर्तमान सांगणारा असेल, तर ऐकणाऱ्याच्या होकारातील विश्वासाचा भाग कोणता आणि उपकाराच्या ओझ्याचा कोणता, हे कसे ओळखावे? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात तो प्रत्यक्ष घडलेला आहे, आणि त्याची उत्तरेही तेथेच सापडतात. प्रस्तुत लेखात आम्ही ती उत्तरे शोधण्याचा यत्न केला आहे.

१. प्रिन्स्टनचे घर

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरास आले आणि पुढील अनेक वर्षे त्यांनी तेथे शाळा व मंडळी यांचे कार्य केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. प्रकृतीच्या कारणाने हे कुटुंब अमेरिकेस परतले व न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. तेथून रॉयल वाइल्डर यांनी १८७८ साली ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले.

रॉबर्ट प्रिन्स्टनच्या महाविद्यालयात शिकत असता १८८३ साली त्याने व त्याच्या मित्रांनी परदेशी मिशनकार्यास वाहून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक लहानसे मंडळ स्थापन केले. मंडळाच्या प्रार्थनासभा वाइल्डर यांच्या घरी भरत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे ड्वाइट मूडी यांनी बोलावलेल्या विद्यार्थी परिषदेत हा तरुण उपस्थित होता. परिषद संपेपर्यंत सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांपैकी १०० जणांनी परदेशी मिशनकार्यासाठी आपली नावे दिली. त्यातून १८८८ साली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ संघटित झाली. या चळवळीतून पुढील काही दशकांत सुमारे वीस हजार तरुण-तरुणी जगभर गेल्या. रॉबर्ट वाइल्डर स्वतः भारतात परतले व येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये त्यांनी काम केले. कोल्हापूरच्या मातीत जन्मलेला मुलगा जगातील एका मोठ्या विद्यार्थी चळवळीच्या उगमाशी उभा होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल.

तथापि याच घराशी निगडित असा दुसराही एक प्रसंग आहे. कल्याणचे गोपाळराव जोशी यांनी आपली तरुण पत्नी आनंदीबाई हिला वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याची इच्छा व्यक्त करून रॉयल वाइल्डर यांच्याकडे साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, परंतु उत्तर देताना ख्रिस्ताचा स्वीकार करण्याचा उपदेश केला. साहाय्य आणि धर्मांतर ही दोन्ही अशा रीतीने एकत्र आली. जोशी दांपत्याला ते मान्य होण्यासारखे नव्हते.

वाइल्डर यांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्याने कोल्हापुरास दिली, त्याच्या प्रीतीविषयी कोण शंका घेईल? परंतु साहाय्य मागणाऱ्या मनुष्यास प्रथम विश्वासाची अट ऐकू यावी, यात काहीतरी चुकले होते. ज्या घरातून शेकडो विद्यार्थ्यांना दूर देशी जाण्याची प्रेरणा मिळाली, त्याच घराच्या दाराशी दूर देशीची एक विद्यार्थिनी पत्ररूपाने आली होती. तिला ओळखणे मात्र त्या घरास जमले नाही. पाठविण्यास सिद्ध असलेली ख्रिस्तसभा स्वागतास तितकी सिद्ध नव्हती.

२. रोझेलचे घर

छापलेला तो पत्रव्यवहार एका निराळ्याच वाचकाच्या हाती पडला. न्यू जर्सीतीलच रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीने तो दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचला. तिने आनंदीबाईंस पत्र लिहिले आणि आपले घर देऊ केले. त्यास कोणतीही अट नव्हती. पुढे पत्रांतून दोघींत असा स्नेह जुळला की आनंदीबाई तिला ‘मावशी’ म्हणू लागल्या.

प्रयाणापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे स्पष्ट सांगितले. विल्यम केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली स्थापन केलेली ही संस्था ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती विद्यापीठाच्या छताखाली एका सतरा वर्षांच्या हिंदू स्त्रीने आपली श्रद्धा निर्भयपणे सांगावी आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जावे, हा प्रसंग आपण विसरू नये.

आनंदीबाई जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या व कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली. प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, तिला विश्रांती मिळाली.

आनंदीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. मग कार्पेंटरबाईंचे आतिथ्य मिशनकार्याच्या हिशेबात कोठे मांडावे? आमच्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करावी, अशी आज्ञा लेवीयाच्या पुस्तकात (१९:३४) आहे आणि तिला पुढे कोणतीही पुरवणी जोडलेली नाही. अंतिम न्यायाच्या दृष्टान्तात परका असलेल्या प्रभूला आसरा देणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. त्या परक्याने पुढे काय स्वीकारले, हे तेथे विचारलेले नाही. ज्या घराने आनंदीबाईंस सामावून घेतले, त्याच घराच्या भूमीत अखेर त्यांची रक्षा विसावली. ही साक्ष थोडी नव्हे.

३. वाँटेज आणि चेल्टनहॅम

त्याच वर्षी आणखी दोन मराठी स्त्रिया समुद्रापार गेल्या. पंडिता रमाबाई, वय २५, आपली दोन वर्षांची कन्या मनोरमा हिच्यासह इंग्लंडला निघाल्या. त्यांच्यासोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. पुण्यात कार्य करणाऱ्या, वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींशी रमाबाईंचा परिचय झाला होता. प्रवासखर्चासाठी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीती’ या १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाचे उत्पन्न वापरले, आणि वाँटेजच्या मठातील वास्तव्याच्या मोबदल्यात भारतात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकविण्याचे ठरले. आपण कोणाचे उपकृत म्हणून राहावे, हे या मानी विदुषीला मान्य नव्हते. निघताना त्यांचा ख्रिस्ती होण्याचा विचारही नव्हता.

आनंदीबाई भगत यांचे मन मात्र त्या परक्या वातावरणात टिकू शकले नाही. वाँटेज येथेच त्यांनी विष घेऊन जीवन संपविले. आपणांस बळाने ख्रिस्ती केले जाईल, या भयाने त्यांना ग्रासले होते, असे सांगितले जाते. तसे करण्याचा कोणाचाही हेतू असेल, असे आम्हांस वाटत नाही. परंतु आपला हेतू शुद्ध आहे एवढ्याने भागत नाही. आपल्या छपराखाली राहणाऱ्या एकाकी मनाला तो कसा दिसतो, हेही आपणच पाहिले पाहिजे. आतिथ्य करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती संस्थेने या अबोल स्त्रीचे स्मरण ठेवावे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची फुलहॅम येथे भगिनींनी चालविलेली सेवा पाहून आपले मन हलले, असे रमाबाईंनी पुढे सांगितले आहे. ही सेवा कशासाठी, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला. विहिरीकाठच्या शमरोनी स्त्रीशी प्रभूने केलेले संभाषण त्यांच्या अंतःकरणास भिडले. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: प्रथम सेवा दिसली, नंतर प्रश्न उद्भवला, आणि त्यानंतर वचन आले.

परंतु बाप्तिस्मा हा रमाबाईंच्या प्रश्नांचा शेवट नव्हता. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि ख्रिस्तसभेचा अधिकार यांविषयी त्यांनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. पटल्यावाचून त्या एकही सिद्धान्त मान्य करीत नव्हत्या. क्रुसावरील कोरीव अक्षरे लॅटिनमध्ये का, आपल्या संस्कृतात का नसावीत, असेही त्यांनी विचारले. त्यांचा शाकाहार पाहून काहींना त्यांत जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. आपल्या मुलीस स्वतःला न पटलेली तत्त्वे शिकविली जाऊ नयेत, याबद्दलही त्या दक्ष होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकविण्याचा प्रश्न आला, तेव्हा लाहोर व मुंबई येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. आपल्या पित्याने वा पतीने जे कधी अयोग्य मानले नाही, ते इंग्रजांस अयोग्य वाटावे, याचे रमाबाईंना नवल वाटले.

येथे दोन प्रकारची उत्तरे मिळालेली दिसतात. भगिनी जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक माता होत्या आणि शिष्येने आज्ञापालन करावे, अशी त्यांची अपेक्षा होती. शंका त्यांना गर्वासारखी वाटे. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची दृष्टी वेगळी होती. अशा बुद्धीच्या स्त्रीला विचार करण्यास अवकाश दिला पाहिजे व तिच्या प्रश्नांना विचारपूर्वक उत्तरे दिली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. एका बाजूस अधिकार होता, दुसऱ्या बाजूस धीर. प्रीती दोन्हीकडे होती. परंतु विद्यार्थ्याला प्रीती जाणवण्यासाठी धीराची गरज असते.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. त्यानंतर ठीक तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढे केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. मूळ इब्री व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्या आयुष्याच्या अखेरपर्यंत करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. आपणांस प्रथम ख्रिस्ती धर्म मिळाला आणि प्रत्यक्ष ख्रिस्त कित्येक वर्षांनंतर भेटला, असा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. चेल्टनहॅमच्या शंका म्हणजे विश्वासाचा ऱ्हास नव्हता, तर तो वाटेतला पल्ला होता. त्या वेळी कोणी त्यांना गप्प बसविण्यात यशस्वी झाले असते, तर महाराष्ट्राच्या ख्रिस्तसभेने काय गमावले असते, याचा विचार करावा.

४. रथातील प्रवासी

पवित्र शास्त्रात या सेवेचा नमुना आहे. दानीएल व त्याचे सोबती बाबेलास तीन वर्षांच्या शिक्षणासाठी ठेवलेले परदेशी विद्यार्थीच होते. त्यांनी तेथील विद्या आत्मसात केली, पण ताटातील अन्नापासूनच त्यांच्या सदसद्विवेकाची परीक्षा सुरू झाली. रमाबाईंचा शाकाहार ज्यांना खटकला, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावयास हवा होता.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा अधिकारी यरुशलेमहून परत जात असता रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत असतो. फिलीप त्याच्याकडे धावत जातो, परंतु प्रथम प्रश्न विचारतो. रथात बसण्याचे निमंत्रण त्या प्रवाश्याकडून येते. चर्चा त्याच्या हातातील ग्रंथापासून आणि त्याच्या शंकेपासून सुरू होते. बाप्तिस्म्याची मागणीही तोच करतो. आणि पाण्यातून वर येताच आत्मा फिलीपाला दूर नेतो. तो अधिकारी एकटाच, परंतु आनंदाने, आपल्या देशी जातो. फिलीप त्याच्यावर आपला हक्क ठेवीत नाही. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये कार्य करणाऱ्याने हे शेवटचे वाक्य विशेष ध्यानी घ्यावे. आपल्याकडे आलेला विद्यार्थी पुन्हा जाणार आहे, आणि त्याचे जाणे हाही देवाच्या योजनेचा भाग आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या, ख्रिस्तसभेच्या मिशनकार्यावरील आदेशपत्रात या दोन्ही अंगांचा उल्लेख आहे. कोणासही बळाने वा अयोग्य उपायांनी श्रद्धेकडे ओढणे ख्रिस्तसभा निषिद्ध मानते, हे तेराव्या परिच्छेदात सांगितले आहे. अडतिसाव्या परिच्छेदात मिशनप्रदेशांतून शिक्षणासाठी वा कामासाठी आलेल्या बांधवांचे स्वागत करण्याचे व त्यांची काळजी वाहण्याचे आवाहन आहे. आमच्या मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८ साली झाला आणि २०२१ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. बळ, प्रलोभन व फसवणूक हे शब्द त्यामुळे येथील प्रत्येक धर्मशिक्षकाच्या कानी पडलेले आहेत. त्या कायद्याच्या वापराविषयी मतभेद असू शकतात. परंतु प्रलोभन टाळणे हे कायद्याच्या भयाने करावयाचे काम नव्हे. विहिरीकाठी बसलेल्या प्रभूने त्या स्त्रीकडे प्रथम स्वतःच पाणी मागितले, म्हणजे उपकारकर्त्याची जागा त्याने आपण होऊन सोडली.

५. आपले कर्तव्य

विसाव्या शतकात या चुकांतून पुष्कळ शिकण्यात आले. १९०९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर वायएमसीएचे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स यांनी एका चिनी विद्यार्थ्यास सहज नमस्कार केला. तीन आठवड्यांत आपल्याशी बोललेले तुम्हीच पहिले, असे तो म्हणाला. त्या एका वाक्यातून पुढे १९२४ साली न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. लंडनमध्ये वायएमसीएने १९२० साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले; त्यामागे के. टी. पॉल या भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्याची दृष्टी होती. एक साधा नमस्कार आणि एक खोली, येथूनच या सेवेचा आरंभ होतो.

आपल्या धर्मग्रामांसाठी आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या संमतीने तेथील विद्यापीठाच्या धर्मगुरूस वा जवळच्या धर्मग्रामास त्याच्या जाण्यापूर्वीच पत्र लिहावे, म्हणजे पहिल्याच रविवारी त्याचे नाव घेऊन कोणी तरी त्याला बोलावील. पहिले तीन महिने सर्वांत कठीण असतात. त्या काळात आठवड्यातून एकदा तरी आपण स्वतः त्याची विचारपूस करावी. दुसरी, आपल्याकडे आलेल्या परदेशी विद्यार्थ्यास जेवण, भाषेची मदत आणि आजारपणात सोबत द्यावी. त्या बदल्यात त्याने उपासनेस यावे, अशी सूचक अपेक्षाही ठेवू नये. तिसरी, शंका विचारणाऱ्यास शंकेखोर ठरवू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे व दोघांनी मिळून शोधावे. चौथी, बाप्तिस्मा मागणाऱ्यास घाई करू नये. प्रौढांसाठीची दीक्षार्थी-अवस्था ख्रिस्तसभेने १९७२ साली पुन्हा विधिपूर्वक प्रस्थापित केली, ती याचसाठी. विद्यार्थ्याचा निवारा वा शिष्यवृत्ती आपल्या हाती असेल, तर तो आधार प्रथम अन्य हाती सोपवावा, म्हणजे त्याचा होकार केवळ देवालाच दिलेला असेल.

आणि तो परत येईल तेव्हा? कोणी अधिक दृढ विश्वास घेऊन येईल, कोणी प्रश्न घेऊन येईल, कोणी वर्षानुवर्षे मंदिराची पायरी चढला नसेल. त्याची झडती घेण्यापूर्वी त्याला जेवावयास बोलवावे.

भगिनी जेराल्डीन यांच्याविषयी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. रमाबाईंची बाणेदार पत्रे त्यांना अनेकदा दुखवून गेली असतील. तरीही त्यांनी ती जपून ठेवली आणि संकलित केली. १९७७ साली तो पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि आज रमाबाईंचे अंतरंग आपणांस कळते ते बव्हंशी त्या जपणुकीमुळे. ज्या शिष्येने त्यांचे ऐकले नाही, तिचा शब्द त्यांनी टाकून दिला नाही. परदेशी आलेल्या विद्यार्थ्याची सेवा करू इच्छिणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूस व धर्मशिक्षकास हाच धीर प्रभूने द्यावा, अशी आमची प्रार्थना आहे.

राजपुरा, बुऱ्हाणपूर